गाभोळीतला नारू

गेल्या माघातल्या एका रविवारी सकाळी ठाण्याहून मुलीचा फोन आला. आवाज घाबरलेला होता. बाजारातून तिने चांगला मोठा गोब्रा आणला होता. मासा ताजा, गाभोळीने भरलेला. गाभोळी धुवायला घेतली, तर तिच्या पातळ पडद्याखाली लालसर काळपट दोरा दिसला. शीर असेल म्हणून तिने बोटाने ओढून पाहिले, तर तो दोरा हलला. "बाबा, हे काय आहे? सगळा मासाच टाकून देऊ का?"

मी लगेच उत्तर देऊ शकलो नाही. कारण तोच दोरा, किंवा त्याचा कोणी सख्खा, १९८८ साली आमच्या स्वयंपाकघरात असाच हलला होता. तेव्हा ही मुलगी अजून जन्मायची होती.

मी त्या वेळी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका किनाऱ्यावरच्या शाखेत नोकरीला होतो. माझे मूळ गाव बीड जिल्ह्यातले. मासा म्हणजे श्रावणात ओढ्याला येणारी चिंगळी एवढीच आमची समजूत. पत्नी मात्र रत्नागिरीची. तिच्यामुळे मी मासे खायला शिकलो आणि शाखेतल्या होडीकर्जांमुळे मासे मारणाऱ्यांची घरे ओळखायला शिकलो. त्यांपैकीच एक बाई रोज सकाळी पाटी घेऊन आमच्या दारात यायच्या. पत्नीला पाचवा महिना होता. तिला गाभोळी खावीशी वाटली, म्हणून त्या बाईंनी मुद्दाम गोब्रा राखून आणला.

योगायोग असा की, त्याच आठवड्यात गावाहून वडील आले होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. स्वयंपाकघरातून पत्नीची किंकाळी ऐकून आम्ही दोघेही आत गेलो. ताटात गाभोळी उकललेली होती आणि तिच्यातून वीतभर लांबीचा लाल किडा अर्धा बाहेर आला होता. दादा वाकले. त्यांनी चष्मा पुढे घेतला. मग त्यांचा हात आपोआप डाव्या पायाच्या घोट्याकडे गेला. तिथे जुना, सुरकुतलेला व्रण होता. ते म्हणाले, "हा नारू हाय."

आम्ही हसलो. खरे तर मी हसलो; पत्नी हसली नाही. शेजारच्या एका वृद्ध बाईंनी गाभात किडा निघणे हे चांगले लक्षण नव्हे, असे हळूच सांगून तिच्या मनात भर घातली. 'गाभोळी' हा शब्दच 'गाभ' या शब्दाला चिकटलेला. भीतीला तेवढे पुरते. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन आलेल्या बाईंकडे पत्नीने तक्रार केली, तेव्हा त्या जराही वरमल्या नाहीत. म्हणाल्या, "वैनी, मासो कुसाक नाय. मासो ताजो आसा म्हणान तर किडो जितो आसा."

दादांनी मात्र हसण्यावारी काही नेले नाही. ते होते तेवढे दहा दिवस त्यांनी आपल्या धोतराचे एक जुने पान फाडून त्याची दुहेरी घडी घागरीच्या तोंडाला बांधली आणि सुनेला पिण्याचे पाणी त्यातूनच गाळून दिले. "सूनबाई, गाळल्याबिगर पाणी पिऊ नको." नळाच्या पाण्याला गाळणे कशाला आणि माशातल्या किड्याचा पाण्याशी काय संबंध, असे मी म्हणालो. त्यांनी उत्तर दिले नाही.

निवृत्तीनंतर एका कादंबरीसाठी किनाऱ्याविषयी वाचायला बसलो, तेव्हा हा प्रसंग पुन्हा वर आला. आणि वाचता वाचता लक्षात आले, की त्या दिवशी स्वयंपाकघरात सर्वांत बरोबर बोललेली माणसे दोन होती. पाटीवाल्या बाई आणि दादा.

*

या किड्याला शास्त्रात फायलोमेट्रा म्हणतात. ग्रीक भाषेत 'फिलो' म्हणजे आवड असणारा आणि 'मेट्रा' म्हणजे गर्भाशय. हे नाव इटलीतले निसर्गअभ्यासक कोस्टा यांनी १८४५ साली योजले. त्याच्याही आधी, १८१९ मध्ये बर्लिनच्या रुडॉल्फी यांनी भूमध्य समुद्रातल्या एका माशातल्या अशा किड्याचे वर्णन करून ठेवले होते. तो मासाही गमतीचा. डोळे डोक्याच्या वर, वाळूत अंग पुरून आकाशाकडे टक लावून बसणारा. त्याच्या जननग्रंथीत हा गोल डोक्याचा किडा राहतो.

फायलोमेट्रा हा सूत्रकृमी. म्हणजे जंत, हत्तीरोगाचा कृमी आणि नारू ज्या मोठ्या वर्गातले, त्याच वर्गातला. या वंशाच्या अनेक जाती आहेत. काही माशांच्या त्वचेखाली राहतात, काही डोळ्यामागे, काही पोटाच्या पोकळीत. पण समुद्रातल्या माशांच्या अंडाशयातच घर करणाऱ्या जाती पुष्कळ आहेत. गोब्रा, तांब, ढोमा अशा आपल्या ओळखीच्या कुळांतल्या माशांत त्या जगभर सापडल्या आहेत.

आपल्याला दिसते ती मादी. ती माशाचे रक्त पिते, म्हणून तिचा रंग लाल-तपकिरी. नर जेमतेम दोन-चार मिलिमीटरचा, नुसत्या डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा. एकदा मीलन झाले की मादी वाढू लागते आणि वाढता वाढता तिचे बाकीचे सारे शरीर मागे पडते. पूर्ण वाढलेल्या मादीत गुदद्वार उरत नाही, पिल्ले बाहेर पडायला जननमार्गही उरत नाही. उरते ती केवळ एक लांब पिशवी, डोक्यापासून शेपटीपर्यंत हजारो जिवंत पिल्लांनी ठासून भरलेली. अशी मादी प्रसवणार कशी? तर ती फुटते.

आणि कधी फुटायचे, याचे तिचे गणित पाहण्यासारखे आहे. मासा अंडी घालतो तो वर्षातल्या ठरावीक दिवसांत. मादीची पूर्ण वाढ त्याच सुमाराला होते. मासा समुद्रात अंडी सोडतो तेव्हा अंड्यांबरोबर तीही बाहेर पडते. समुद्राचे खारे पाणी लागताच तिचे शरीर फुटते आणि पिल्ले पाण्यात विखुरतात. तिथे कोपेपॉड नावाचे टाचणीच्या डोक्याएवढे कवचधारी जीव असतात, ते ती पिल्ले गिळतात. कोपेपॉडला छोटा मासा खातो, छोट्या माशाला मोठा. पिल्लू पुन्हा माशाच्या अंगात येते आणि शरीरातून वाट काढत अंडाशयाकडे निघते. मासा अंडी घालेपर्यंत थांबायचे, हा त्या किड्याचा जन्माचा करार आहे. मासा आधीच मेला तर किड्याचाही वंश तिथेच संपला.

आता नारूकडे पाहा. नारूची मादी माणसाच्या अंगात जवळजवळ वर्षभर वाढते आणि साठ ते शंभर सेंटिमीटर लांब होते. नर लहान, मीलनानंतर मरून जातो. मादीचे शरीर पिल्लांनी भरलेली पिशवीच होते. वर्ष पुरे होत आले की ती पायाकडे उतरते, तिथे फोड येतो, आणि त्या फोडाची आग इतकी असह्य होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो. ती त्याच क्षणाची वाट पाहत असते. पाणी लागताच तिच्या अंगातून पिल्लांचा दुधाळ लोट बाहेर पडतो. ती पिल्ले सायक्लॉप नावाचा सूक्ष्म जीव गिळतो. सायक्लॉप हा कोपेपॉडच. विहिरीतला, गोड्या पाण्यातला. ते पाणी न गाळता जो पितो, त्याच्या पोटात नारू जातो.

रक्त पिणारी लांब लाल मादी आणि दूधवर्णी नारू दिसायला वेगळे. पण खारे पाणी आणि गोडे पाणी, माशाचे अंडाशय आणि माणसाचा घोटा एवढे बदलून घेतले, तर दोघांची कहाणी एकच आहे. प्राणिशास्त्राने दोघांना एकमेकांचे भाऊबंद म्हणून शेजारी शेजारी ठेवले आहे, ते उगाच नव्हे. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांनी ते नाते ताटाकडे पाहून एका नजरेत ओळखले होते.

*

दादांच्या गावात बारव होती. दगडी पायऱ्यांची, देखणी. बायका घागरी घेऊन पाण्यापर्यंत उतरायच्या, पुरुष पाय बुडवून हातपाय धुवायचे आणि त्याच पाण्यात घागर भरली जायची. दादांना बाराव्या-तेराव्या वर्षी नारू झाला. गावातल्या वैदूने काडीला किड्याचे टोक गुंडाळून रोज थोडा थोडा ओढला. मध्येच तुटला, पाय सुजला, पू झाला. ऐन पेरणीचे दिवस. थोरल्या भावाबरोबर शेतात उभे राहायला हवे होते ते पोर दोन महिने ओसरीवर पडून राहिले. पुढे शाळा सुटली ती सुटलीच. तो व्रण आम्ही भावंडे लहानपणी बोटाने चाचपून पाहायचो.

नारूवर तेव्हा औषध नव्हते. आजही नाही. लसही नाही. तरीही तो आपल्या देशातून गेला. १९८४ साली देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते. शेवटचा रुग्ण १९९६ च्या जुलैमध्ये राजस्थानात आढळला आणि २००० च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. १९८६ साली जगभरात अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. २०२३ साली उभ्या जगात मिळून फक्त १४ रुग्ण सापडले.

औषधावाचून हे झाले कसे? किड्याची वाट कळली म्हणून. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसवले, पाण्यात सायक्लॉप मारणारे औषध टाकले आणि घरोघरी सांगितले, की पाणी दुहेरी कापडातून गाळून प्या. सायक्लॉप कापडात अडकतो. दादांनी आमच्या घागरीला बांधलेली धोतराची दुहेरी घडी ती हीच.

ही वाट पहिल्यांदा कळली तिची हकीकत वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत लॉयकार्ट नावाचे मोठे प्राणिशास्त्रज्ञ होते. गोड्या पाण्यातल्या माशांच्या आतड्यात एक बारीक लाल कृमी सापडतो. त्याची पिल्ले सायक्लॉपच्या अंगात वाढतात, हे त्यांनी दाखवले होते. नारूची पिल्ले दिसायला या माशातल्या कृमीच्या पिल्लांसारखीच. मग नारूचीही वाट तीच नसेल कशावरून? अलेक्सेई फेडचेंको हा तरुण रशियन अभ्यासक तुर्कस्तानच्या मोहिमेवर निघाला होता; लॉयकार्ट यांनी त्याला सायक्लॉपमध्ये शोध घ्यायला सुचवले. १८७० च्या सुमारास त्याने नारूची पिल्ले सायक्लॉपच्या अंगात शिरून तिथे वाढताना पाहिली. पुढे तीनच वर्षांनी, १८७३ मध्ये, आल्प्सच्या हिमनदीवर त्याला मृत्यू आला. वय तिशीच्या आतच होते.

म्हणजे माणसाच्या पायातल्या किड्याचे कोडे सुटले ते माशाच्या पोटातल्या किड्यामुळे. माशाचे पोट फाडून त्यातला कृमी काचेखाली धरणाऱ्या माणसाला त्या वेळी कोणी विचारले असेल, की याचा उपयोग काय? त्याचा उपयोग बीड जिल्ह्यातल्या एका पोराला होऊ शकला असता. तो शोध बारवेच्या पायऱ्यांपर्यंत उतरायला शंभराहून अधिक वर्षे लागली, हा दोष किड्याचाही नव्हे आणि शास्त्राचाही नव्हे.

*

मुलीला अर्थात ही कहाणी नको होती. तिला हवे होते ते एवढेच, की खायचे की टाकायचे.

फायलोमेट्राला माणसाच्या पोटात राहता येत नाही. त्याचा सारा संसार माशाच्या अंगाशी बांधलेला. त्यातही एकेक जात एकेका माशाशी किंवा त्याच्या जवळच्या नातलगांशी. पोटात गेला तर तो पचतो. शिजला तर प्रश्नच नाही. माणसाच्या अंगात तो शिरल्याचा एक प्रसंग १९८६ साली वैद्यकीय नियतकालिकात आला होता. हवाई बेटांवरचा एक कोळी मासा साफ करत होता, हाताला ताजी जखम होती आणि किडा त्या जखमेत घुसला. तात्पर्य एवढेच, की हात कापलेला असेल तर मासा दुसऱ्याने साफ करावा. ज्या माशातल्या कृमीला माणसाने खरेच जपून असावे तो निराळा. ॲनिसाकिस त्याचे नाव. तो पांढुरका, घड्याळाच्या स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसणारा. कच्चा मासा खाणाऱ्या देशांत तो पोटदुखीने लोळवतो. साठ अंश उष्णता मिळाली की तोही मरतो. हळद, आगळ, तिखट लावून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस होईपर्यंत गाभोळी भाजणाऱ्या आपल्या स्वयंपाकघराला त्याची धास्ती नाही.

किडा जिवंत म्हणजे मासा ताजा, हे पाटीवाल्या बाईंचे म्हणणेही खरे. मासा मेल्यावर किडा फार काळ टिकत नाही. बर्फात चार दिवस पडलेल्या माशात तो हलणार नाही. बाईंनी हे पुस्तकात वाचले नव्हते. चाळीस वर्षे मासे कापताना पाहिले होते.

मग या किड्याला भ्यावे कोणी? माशाने. एखाद-दुसरी मादी असेल तर मासा तिला सोसून अंडी घालतो. पण त्यांची संख्या वाढली की अंडाशयात रक्तस्राव होतो, ऊतक कडक होत जाते, अंडी कमी होतात. काही वेळा मासा वांझही होतो. मासा मरत नाही, पोहतो, खातो, जाळ्यातही सापडतो. फक्त त्याची पुढची पिढी येत नाही. बँकेत अशी खाती मी पाहिली आहेत. वरून चालू, व्यवहार नियमित. आत मुद्दल केव्हाच संपलेले.

म्हणून मासेमारीचा हिशेब मांडणाऱ्यांना या किड्यांची नीट ओळख हवी असते, आणि ती फार उशिरा होऊ लागली आहे. जपानमध्ये यामागुती यांनी १९३५ साली एका माशातल्या फायलोमेट्राला नाव दिले. त्यानंतर सत्तर वर्षे जगात कुठेही, कुठल्याही माशाच्या अंडाशयात लाल किडा दिसला, की बहुधा त्याच नावावर टाकला जाई. आम्ही बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नसे ती सस्पेन्स खात्यात टाकायचो, तसाच हा प्रकार. २००८ साली जपानी प्रयोगशाळेत ते खाते उघडून पाहिले, तेव्हा त्यात निदान दोन निराळ्या जाती निघाल्या. झेक प्रजासत्ताकातले फ्रांटिशेक मोरावेक यांनी उभे आयुष्य याच कामात घातले. त्यांनी भारतीय सहकाऱ्याबरोबर आपल्या पूर्व किनाऱ्यावरचे मासे तपासले आणि २०१३ मध्ये अंडाशयात राहणाऱ्या काही नव्या जाती जाहीर केल्या. त्यांतली एक ढोम्याच्या कुळातल्या मोठ्या दातांच्या माशातली आहे. हा मासा आपल्याकडेही बाजारात येतो. शतकानुशतके आपण त्याची गाभोळी खात आलो, आणि तिच्यातल्या किड्याला नाव मिळाले ते काल-परवा.

किडा माशाची काही अंडी बुडवतो, पण मासा अंडी घालीपर्यंत तरी त्याला जगू देतो. आपले तसे नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद ठेवण्याचा नियम, किंवा २०२३ साली महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या माशांसाठी ठरवलेली किमान लांबी, यांच्या मागचा अर्थ एवढाच, की निदान एकदा तरी माशाला अंडी घालू द्या. जी शिस्त किड्याच्या अंगात जन्मतःच आहे, ती आपल्याला राजपत्रात छापून घ्यावी लागते.

*

मुलीला मी म्हणालो, "किडा चिमट्याने काढ, गाभोळी मिठाच्या पाण्यात धू, नीट भाज आणि खा. मासा ताजा आहे, याची ती खूण आहे." तिने पुन्हा विचारले, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की. तू पोटात होतीस तेव्हा तुझ्या आईच्या ताटातही हा निघाला होता. तेव्हा ठाऊक नव्हते म्हणून आम्ही सगळी गाभोळी मांजराला घातली. मांजराला काही झाले नाही. तुलाही नाही."

ती हसली. फोन ठेवल्यावर पत्नीला सांगितले, तर ती म्हणाली, "मला तेव्हा कोणी एवढं सांगितलं असतं तर चार महिने झोप तरी लागली असती." मला हे नवीन होते. त्या चार महिन्यांत ती रात्री जागी असे हे मला ठाऊकच नव्हते. मी त्या किड्याला हसून मोकळा झालो होतो. तिच्या भीतीची दखल घेतली ती फक्त दादांनी. त्यांना जी एक वाट माहीत होती ती त्यांनी बंद केली. ती या किड्याची वाट नव्हती; पण ज्या किड्याने त्यांची शाळा घेतली, त्याची होती.

दादा २००३ साली गेले. देश नारूमुक्त झाल्याचे तेव्हा तीन वर्षांपूर्वीच जाहीर झाले होते. मी ती बातमी त्यांना वाचून दाखवली होती. त्यांनी विचारले होते, "औषध निघालं का?" मी म्हणालो, "नाही. लोक पाणी गाळून प्यायला लागले." त्यांनी मान हलवली. ताटातला तो किडा खरोखरच नारूच्या घरातला होता, हे मात्र त्यांना सांगायचे राहून गेले. ते मलाच फार उशिरा कळले.